म्हातारीचे सांधे

मराठीत ‘लोचा’ झाला की कपाळाला हात लावायचा असतो. सुरतेत ‘लोचो’ झाला की त्यावर तेल सोडून, शेव भुरभुरून तो कांद्याबरोबर खायचा असतो. खमण करताना पीठ सैल पडलं, वडी धरेना, म्हणून फसलेला घाणा तसाच वाढला आणि लोकांना तो मूळ पदार्थापेक्षा जास्त आवडला, अशी या पदार्थाची जन्मकथा सांगतात. कथा खरी असो की रचलेली, ज्या शहराने बिघाडाचाच नाश्ता केला त्या शहरात लोक बिघाडाकडे थंड डोक्याने बघत असणार, असं कोणालाही वाटेल. हा समज सकाळी नऊपर्यंत टिकतो. नऊला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी पंधरा-वीस वर्षांची मोटार किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज करते आणि गप्प बसते. त्या क्षणी लोचोचा लोचा होतो, आणि सगळी सुरत मराठी होऊन कपाळाला हात लावते.

यानंतर बोनेट उघडलं जातं. बोनेट उघडणं ही खासगी कृती आहे असं ज्याला वाटत असेल त्याने लिंबायत, डिंडोली किंवा उधन्याच्या एखाद्या सोसायटीत ते उघडून पाहावं. दांडा खाचेत अडकवून होत नाही तोच चार माणसं जमतात. एकाच्या हातात दुधाची पिशवी, एकाच्या तोंडात ब्रश. कोणी जळगावकडचा, कोणी भावनगरचा, कोणी ओडिशाहून मागावर कामाला आलेला. भाषा चार, पण निदानाची रीत एकच. ज्याने गेल्या महिन्यात बॅटरी बदलली तो म्हणतो, ‘‘बॅटरी बसली.’’ ज्याचा सेल्फ-स्टार्टर परवाच बांधून आला तो म्हणतो, ‘‘सेल्फ गेला, काका, लिहून देतो.’’ ज्याला एकदा पंपावर भेसळीचं पेट्रोल मिळालं तो वीस वर्षं प्रत्येक आजाराला पेट्रोल हेच कारण सांगतो. आणि ज्याने स्वतःची जुनी गाडी कवडीमोलाने विकली, तो ‘‘काढून टाका हो’’ एवढंच म्हणतो, कारण आपण एकट्यानेच नुकसान का सोसावं? हे निदान तुमच्या गाडीचं नसतंच. ते ज्याच्या त्याच्या मागच्या बिलाचं जाहीर वाचन असतं. आणि या सभेत ‘‘एखादं नट ढिलं असेल’’ असं कोणी म्हणत नाही. ढिल्या नटात प्रतिष्ठा नाही.

माझं म्हणणं नेमकं त्या नटाच्या बाजूने आहे. जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा तिच्या सांध्यात असतं, म्हणजे जिथे वायर टर्मिनलला भेटते, रबर लोखंडाला भेटतं, पट्टी बॉडीला भेटते तिथे. आपला संशय मात्र बिनचूक सगळ्यात महाग पार्टावर जातो. ही चूक अज्ञानातून होते असं वरवर वाटतं, पण तिच्या मुळाशी हिशेब आहे, आणि तो हिशेब गॅरेजवाल्यापेक्षा आपणच बिघडवून ठेवला आहे.

आधी म्हातारी किती म्हातारी ते ठरवू. खासगी मोटारीच्या नोंदणीला कायदा पंधरा वर्षं देतो. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. माणसाला साठीनंतर तिकिटात सवलत मिळायची, गाडीला पंधरानंतर दंड बसतो, असा हा फरक आहे. सुरतेत या वयाची नक्की खूण सांगायची तर मारुती आठशे. ती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण सुरतेपुरता तिचा शेवट आधीच झाला होता. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चारचा नियम आधी तेरा शहरांना लागू झाला आणि कंपनीने आठशेला त्या नियमात बसवण्याऐवजी त्या शहरांतून मागे घेतलं. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सुरत होती आणि सोलापूरही होतं. साडी आणि चादर यांना जोडणारा हा दुवा कापड व्यापाराच्या इतिहासात सहसा येत नाही. हिशेब मात्र सोपा आहे. सुरतेच्या शोरूममधून नवी घेतलेली प्रत्येक आठशे आज पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडून बसलेली आहे. तरीही जीजे-०५ची पाटी लावून ती रविवारी डुमसला टोमॅटोची भजी खायला जाते, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार माणसं, दोन पिशव्या आणि एक टोपली घेऊन अमळनेर-पारोळ्याकडे निघते.

आता गाडी म्हातारी होते म्हणजे तिचं नेमकं काय होतं? इंजिनाचं बीड काही सुरकुतत नाही. बोनेटचा पत्रा विसराळू होत नाही. आधी थकतात ते जोड. माणसाचंही हेच आहे. साठीनंतर तक्रार हाडांची नसते, हाडं जिथे एकमेकांना भेटतात तिथली असते. मोटारीत तर काटकसरीपायी सांध्यांवर फारच भिस्त ठेवलेली आहे. घरात दिव्याला दोन वायरी असतात, करंट एकीतून येतो आणि दुसरीतून जातो. मोटारीत जाणारी वायर एकच असते आणि परतीचा प्रवास गाडीच्या पत्र्यातून होतो. म्हणजे मागच्या दिव्यातून निघालेला करंट पत्र्यात घुसलेल्या एका स्क्रूच्या भरवशावर बॅटरीकडे परत येतो. त्या स्क्रूखाली गंज धरला की वायरमन सांगतो, ‘‘अर्थ मिळत नाही.’’ मराठीत हे वाक्य फार मार्मिक होतं, कारण गाडीला अर्थ मिळेनासा झाला की मालकाचा अर्थ जायला लागतो.

सुरतेची हवा या गंजाला खतपाणीच घालते. शहर तापीच्या मुखाजवळ वसलेलं, समुद्रावरचा खारा वारा रोजचा, आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी लिंबायत-पर्वत पाटियाकडच्या गल्ल्यांत शिरून पार्किंगची पाहणी करून जातं. ऑगस्ट २००६ मध्ये तर उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या गाद्या आठवडाभरात उन्हात वाळल्या. डॅशबोर्डच्या मागे, कनेक्टरच्या पोटात गेलेलं गढूळ पाणी मात्र कोणाच्या हाताला लागलं नाही. तांब्याला हिरवा जंग चढायला लागला की तो पूर ओसरल्याची बातमी वाचत नाही. त्याचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं. विम्याच्या फॉर्मवर इंजिनाचा रकाना असतो, सीटचा असतो, ‘हिरवं’ असा नसतो. भरीला उंदीर आहेत. १९९४च्या प्लेगनंतर सुरतेने स्वतःला असं घासूनपुसून काढलं की स्वच्छ शहरांच्या यादीत तिचं नाव वर गेलं, पण थंडीत बोनेटखालची ऊब आणि वायरवरचं मऊ आवरण यांचा मोह उंदरांना सुटत नाही. गणपतीचं वाहन आपल्या वाहनाच्या मुळावर उठतं, आणि गणेशोत्सवात आपण त्याच्याच धन्याच्या नावाने वर्गणी देतो.

आता तो ‘टक्’ जवळून पाहू, कारण सगळा वाद त्याच्यातच आहे. किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी खटका, ओढला जातो, त्याचा तो आवाज. पुढे सेल्फने गरगरायला हवं, तो गरगरत नाही. इथे जमलेली सभा एक प्रयोग करते: आतला दिवा लावते, हॉर्न वाजवते. दिवा लागतो, हॉर्न ओरडतो. मग निकाल लागतो, बॅटरी ठणठणीत आहे, म्हणजे सेल्फ गेला. युक्तिवाद गोळीबंद आहे, फक्त चूक आहे. आतल्या दिव्याला अर्धा अँपियर करंट पुरतो. लहान गाडीच्या सेल्फला शंभर अँपियरच्या पुढे लागतो. समजा, बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामधली अर्थची पट्टी गंजली आणि तिथे ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा अडथळा तयार झाला. अर्ध्या अँपियरला त्या जागी व्होल्टचा शंभरावा भाग खर्च होईल, म्हणजे दिव्याला कळणारही नाही. शंभर अँपियरला मात्र तिथेच दोन व्होल्ट जातील, आणि बारा व्होल्टच्या संसारात दोन व्होल्ट म्हणजे घरभाडं झालं. रोज पिशवी घेऊन भाजीला जाणाऱ्याला बोळ मोकळाच वाटतो. बोळ अरुंद आहे हे वरात आली की कळतं. दिवा हा भाजीला निघालेला माणूस आहे, सेल्फ ही वरात.

हे पकडायला विद्वत्ता लागत नाही, काही शे रुपयांचा मल्टिमीटर लागतो. त्याचा खटका डीसी वीस व्होल्टवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरायची, खांबावर. त्याच्यावर बसवलेल्या टोपीवर नाही, कारण चोर कदाचित त्या दोघांच्या मधेच बसलेला असतो. लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं. मीटरने अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दाखवला तर सांधा निर्दोष, पुढचा संशयित बोलवा. दीड-दोन दाखवले तर चोर सापडला. मग दहाच्या पान्याने टर्मिनल सोडायचं, आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. त्यावरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासायचं, घट्ट करायचं, वरून व्हॅसलीनचा हात. वीस मिनिटांचं काम. ‘सेल्फ गेला’ असं लिहून द्यायला तयार असलेला गृहस्थ एव्हाना दूध नासेल म्हणून निघून गेलेला असतो.

सांध्यांची ही कथा विजेपुरतीच आहे असं कोणी समजू नये. गाडी गरम होते म्हणून रेडिएटर बदलायचं ठरतं, तेव्हा रेडिएटरच्या झाकणाकडे कोणाचं लक्ष नसतं. झाकणाला एक रबरी कडी आणि स्प्रिंग असते आणि ती आतलं पाणी दाबाखाली ठेवते. दाब साधारण ०.९ बार असला तर पाणी शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कडी कडक झाली की दाब गेला, आणि मे महिन्यात उधना दरवाजाच्या वाहतुकीत उभ्या गाडीचं पाणी शंभरालाच उकळायला लागतं. हेडलाइट मंद झाला म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालणाऱ्यांचंही तसंच. जुन्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो, आणि ते दहा टक्के बहुधा एखाद्या काळवंडलेल्या कनेक्टरने खाल्लेले असतात. मोठा बल्ब लावला की करंट वाढतो, कनेक्टर आणखी तापतो, आणि शेवटी प्रकाशाऐवजी वास पडतो. त्यातून सुरत हे गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचं शहर. पेट्रोलच्या गाडीला मागाहून किट बसवलं की नव्या वायरी, नवे रिले, नळ्यांना नवे फाटे येतात. म्हाताऱ्या माणसाचं नव्याने लग्न लावल्यावर जेवढे नवे नातेसंबंध तयार होतात, तेवढे नवे सांधे एका किटने तयार होतात, आणि कुरबुरीही तेवढ्याच.

मग प्रश्न उरतो की सांधा इतका उघड गुन्हेगार असताना शिक्षा पार्टाला का होते? याचं उत्तर बिलावर छापलेलं असतं. गॅरेजच्या बिलाला रकाने दोन, सामान आणि मजुरी. सामानाचे चार हजार आपण निमूट देतो, कारण डबा हातात येतो. ते बसवण्याचे पाचशे देताना थोडं ओठ चावतो. पण मिस्त्रीने दोन तास वायरी चाचपून एक स्क्रू आवळला आणि तीनशे मागितले, तर आपल्यातला सत्याग्रही जागा होतो: ‘‘स्क्रू आवळायचे तीनशे?’’ स्क्रू आवळायचे दहाच होते. कुठला आवळायचा हे शोधायचे दोनशे नव्वद होते. पण शोधण्याला रकाना नाही, म्हणून शोधणाऱ्याला पैसे नाहीत, म्हणून शोध नाही. मिस्त्रीलाही घर आहे. दोन तास शोधून शाबासकी घेण्यापेक्षा वीस मिनिटांत सेल्फ बदलून मजुरी घेणं कोणताही शहाणा माणूस पसंत करील. याला फसवणूक म्हणता येत नाही. आपण ज्याचे पैसे देतो तेच तो विकतो.

गंमत अशी की हे सगळं सुरतेत घडतं, जिथे नजरेला जगात सगळ्यात चोख भाव मिळतो. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू याच शहरात पडतात. महिधरपुऱ्याच्या गल्लीत स्कूटरवर बसलेला माणूस कागदाची पुडी उलगडतो, डोळ्याला दहापट मोठं दाखवणारी आयग्लास लावतो, आणि काही क्षण नुसता बघतो. त्या बघण्याचे पैसे असतात. कच्चा हिरा कुठून कापायचा हे ठरवणारा हिरे घासायच्या घंटीवर बसतही नाही, तरी कारखानदार त्याला सांभाळून ठेवतो, कारण चुकीच्या जागी काप गेला तर काय जातं ते त्याला ठाऊक आहे. कापडाकडे पाहा. सुधारित मागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्यावरची पातळ पत्ती खाली पडते, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. कारागीर हजारो धाग्यांतून तो एक शोधतो, गाठ मारतो, माग चालू करतो. खानदेशातून आलेल्या मराठी माणसांच्या दोन पिढ्या उधना-लिंबायतच्या मागांवर हेच करत आल्या. धागा तुटला म्हणून बीम बदला, असं तिथे कोणी म्हटलं तर शेठ त्यालाच बदलेल. हीच माणसं संध्याकाळी पार्किंगमध्ये येतात आणि एका वायरीसाठी सेल्फ बदलतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की पार्ट कधी जातच नाहीत का? जातात. क्लच प्लेट झिजते, पंप मरतो, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश संपतात. इथे मला म्हणता येईल की कार्बन ब्रश हा घासणारा सांधाच आहे, आणि स्पार्क प्लग हा मिलिमीटरभर मुद्दाम सोडलेला सांधा आहे. पण ही वकिली झाली आणि ती मी मागे घेतो. खरं उत्तर दुसरं आहे. पार्ट बदलायचा तर आधी सांधा सोडावाच लागतो आणि नंतर पुन्हा आवळावा लागतो. नवी बॅटरी बसवताना मिस्त्री सवयीने टर्मिनल खरवडतो. नवा सेल्फ लावताना अर्थची वायर नव्याने घट्ट होते. गाडी सुरू होते, आणि श्रेय कोणाला? डब्यातून आलेल्या पार्टाला. खरवडण्याने बरा झालेला रोगी बॅटरीच्या नावावर चढतो, मिस्त्रीचा अनुभव पक्का होतो, शेजाऱ्याचं निदान सिद्ध होतं, आणि जुना, निर्दोष सेल्फ भंगारात जातो. प्रत्येक चुकीच्या निदानाला अशी खरी सिद्धता मिळत गेली तर ते निदान सुधारणार कसं? म्हणून नियम एवढाच: आधी सांधा सोडा, साफ करा, आवळा आणि तसंच चालवून पाहा. मग हवं तर पार्टावर खटला भरा.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा, आणि सुरतेत तो ऐकून घ्यावाच लागतो. तास दीड तास बोनेटमध्ये डोकं घालण्यापेक्षा तेवढा वेळ रिंग रोडच्या मार्केटमध्ये घालवला तर गाडीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त सुटतील. हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गृहीत आहे की आजार गॅरेजमध्ये दिसेल. जुन्या गाडीचा आजार दाढदुखीसारखा असतो. डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलं की थांबतो. सकाळी थंड असतानाच ‘मिसिंग’ मारते की गरम झाल्यावर, पावसातच बंद पडते की खड्ड्यातून गेल्यावर, धूर काळा येतो की निळा की पांढरा, हे मिस्त्रीला कळायची सोय नाही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गोडसर वासाचा पांढरा म्हणजे कूलंट आत शिरतंय. हे ओळखायला पाना लागत नाही, आरशात बघावं लागतं. ‘‘गाडी नीट चालत नाही’’ असं सांगणाऱ्याला पार्ट मिळतो. ‘‘पाऊस पडला की डावा दिवा लावल्यावर रेडिओ बंद पडतो’’ असं सांगणाऱ्याला इलाज मिळतो. घरी केलेल्या तपासणीतून दुरुस्ती निघाली नाही तरी हे एक वाक्य निघतं, आणि ते वाक्य पुष्कळदा निम्म्या बिलाच्या किमतीचं असतं.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मी बिनशर्त मान्य करतो. गृहस्थाने पाना हातात घेतला की त्याच्यात शौर्य संचारतं, आणि शौर्याला हद्द आखून द्यावी लागते. ब्रेक आणि एअरबॅगला हात लावायचा नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीच्या खाली जायचं नाही. गॅसच्या टाकीत दोनशे बारचा दाब असतो आणि दर तीन वर्षांनी तिची हायड्रोटेस्ट करून घेण्याचा नियम उगाच नाही. तिथे साबणाचा फेस लावून गळती शोधणारे हौशी शास्त्रज्ञ नकोत. फ्यूज उडाला तर पंधरा अँपियरच्या निळ्याच्या जागी तीसचा हिरवा बसवायचा नाही, चॉकलेटचा चांदीचा कागद तर मुळीच नाही. फ्यूज हा एकच सांधा असा आहे की जो तुटावा म्हणूनच बनवला आहे, त्याची निष्ठा बळजबरीने वाढवू नये. एवढी हद्द पाळली की उरतं ते क्षेत्र मोठं आहे: टर्मिनल, अर्थ, फ्यूजची बैठक, रिलेची अदलाबदल, नळ्यांच्या क्लिपा आणि डोळे.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा. आता गाडीत संगणक आहे, बिघाड तोच सांगतो, मग एवढी सांधेदुखी कशाला? भारतात एप्रिल २०१० पासून नव्या मोटारींना स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा लावणं सुरू झालं, २०१३ पासून ती आणखी कडक झाली. आज फोनला जोडणारं डबीएवढं यंत्र घेतलं की पडद्यावर पी०१७१ असा कोड येतो. त्याचा अर्थ, मिश्रण पातळ झालं आहे. यावर घाईघाईने ऑक्सिजन सेन्सर बदलले जातात. पण सेन्सरने फक्त तक्रार केलेली असते. पुष्कळदा इनटेकच्या रबरी नळीला तडा गेलेला असतो आणि मोजणीतून सुटलेली हवा चोरदाराने आत शिरत असते. चोरी झाली म्हणून ओरडणाऱ्या पहारेकऱ्यालाच बदलून टाकावं, तसं हे होतं. संगणकाने सांध्यांचं राज्य संपवलं नाही. त्याने कनेक्टरची संख्या वाढवली आणि वर प्लॅस्टिकचं काळं झाकण टाकलं, म्हणजे सभेला काही दिसू नये.

तेव्हा करायचं काय? मल्टिमीटर सगळ्यांनाच जमेल असं नाही, आणि जमायला हवा असंही नाही. पण पुढच्या वेळी एखादा वायरमन बोनेटमध्ये हात घालून, इकडची वायर हलवून, तिकडचा स्क्रू फिरवून, एकही पार्ट न बदलता गाडी सुरू करून देईल. आपण पाकीट काढू तेव्हा तो सवयीने म्हणेल, ‘‘आमां शुं पैसा, काका? खाली वायर ज ढिलो हतो.’’ इथे आपल्याला मोह होतो की ‘‘वा, माणूस फार चांगला’’ म्हणावं, जवळच्या गाडीवर नेऊन त्याला शेव घातलेला लोचो खाऊ घालावा आणि हिशेब मिटवावा. लोचो जरूर घालावा. पण त्याच्या घरचा गॅस लोचोवर पेटत नाही. तो सांधा त्याने शोधला नसता तर आपण सेल्फचे चार हजार न कुरकुरता दिले असते. त्यातले तीनशे त्याच्या खिशात कोंबावे, आणि बिल असलंच तर त्यावर आपल्या हाताने तिसरा रकाना आखून लिहावं: शोधण्याचे.